वायफाय घेण्याआधी वायरमन बघा

सिंधुदुर्गात आचरा-कणकवली रस्त्याच्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकतात. माप देताना हात वर असतानाच विचारतात, "काकी, तुमचा वायफाय बरा चलता काय? आमी घेवया काय?" प्रत्येकीला तेच तेच सांगताना माझं मापाच्या वहीतलं लक्ष उडतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सेवा आमच्या भागातल्या केबलवाल्याची. पूर्वी तो नुसते चॅनेल द्यायचा, आता त्याच वाटेने फायबर टाकून इंटरनेट देतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्याची बायको माझं जुनं गिऱ्हाईक आहे.

आधी पैशांचं. महिन्याला 500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. जोडणीच्या वेळी 1,500 घेतले. भिंतीवर लावतात तो वायफायचा डबा त्यांचाच राहतो, सेवा बंद केली की परत द्यायचा. वेग 40 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिट, सांगतात. सकाळी आणि दुपारी तेवढा मिळतो. रात्री आठ ते साडेदहा, सगळ्या वाडीचे टीव्ही लागले की बारा-पंधरावर येतो. आता ह्यात रडण्यासारखं काही नाही. सरकारने 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली तेव्हा किमान वेग सेकंदाला 2 मेगाबिट धरला. टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसायला साधारण 5 पुरतो. त्यामुळे "शंभरचा प्लॅन घेव काय, दोनशेचा घेव काय" हा हिशेब आमच्याकडे फुकट आहे. चाळीस पुष्कळ झाले. तार तुटली की चाळीसही शून्य आणि दोनशेही शून्य.

विचारायचं ते हे, की तार तुटल्यावर खांबावर कोण चढतो आणि किती वेळात चढतो. माझ्या मते आमच्याकडे इंटरनेट घेणं म्हणजे हा एक माणूस घेणं. बाकीचं सगळं जाहिरातीच्या कागदावर आहे.

तार येते कशी ते बघा. तिठ्यावर त्यांची खोली आहे, तिथे मुख्य मशीन. तिथून पुढे त्यांचे लोखंडी खांब, मग कुणाच्या कलमाच्या बागेतून, मग एक फणस, मग दोन माड, मग आमचं खळं, म्हणजे अंगण. आत काचेचा केसाएवढा तंतू असतो आणि त्यातून उजेड जातो. तंतू तुटायलाच हवा असं नाही, कुठे जोरात मुडपला तरी उजेड तिथेच गळतो आणि आमच्या डब्यावर लाल दिवा लागतो. मुडपायला कारणं भरपूर. माडाची झावळ पडते. रस्त्याच्या कामाला जेसीबी येतो. खाडीकडच्या खाऱ्या वाऱ्याने आकडे गंजतात. आणि वांदर! आंबे-फणसांच्या दिवसांत वांदरांची अख्खी टोळी तारेला लोंबकळत इकडून तिकडे जाते. कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात वांदर नाहीत, आमच्याकडे मात्र निम्म्या तक्रारी त्यांच्याच.

लाल दिवा लागला की मी ऑफिसला फोन करत नाही, सरळ वायरमनला करते. शेजारच्या गावातला पोरगा, पंचविशीतला. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "काकी, लाल लाईट इली काय?" इली म्हटलं की पुढचं तोच सांगतो, "मगे वांदरानी तोडल्यानी. येतंय." आणि येतो. बांबूची शिडी मोटरसायकलला आडवी बांधलेली, पाठीवरच्या बॅगेत तंतू जोडायचं मशीन, त्याला रेनकोट घातलेला आणि हा स्वतः चिंब भिजलेला. ते मशीन म्हणजे त्या धंद्यातला दागिना. काचेच्या तंतूची दोन टोकं समोरासमोर धरून आत ठिणगी पाडतं आणि टोकं वितळून एक होतात. महाग असल्यामुळे केबलवाल्याकडे एकच आहे. आचऱ्याला काम चालू असेल तर आमच्याकडे थांबावं लागतं. जुलैच्या पावसात माडाखाली छत्री धरून मी उभी आणि हा फडक्याने टोक पुसून पुसून जोडतोय, असं कितीदा झालं असेल. एकदाच नाही म्हणाला, "काकी, शिडी घसरता, उद्या सकाळी येतंय." दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी दारात हजर.

ह्या पोराला मुलगी मिळत नाही. हे परीक्षणात कशाला, असं कोणी म्हणेल. पण पाचशे नव्वद रुपयांतला खरा माल तोच असेल, तर त्याचं बोलायला नको? तीन वाड्यांतल्या सुना त्याच्या जिवावर ऑफिसं करतात, मुंबईतले लेक त्याच्या जिवावर आईबापांशी व्हिडिओवर बोलतात. सोयरीक काढली की मात्र मुलीकडचे विचारतात, "मुंबईत खोली आसा काय?" आणि मागे म्हणतात, "वायरी वढता तो." मुंबईत कुणाच्या दुकानात बारा तास उभा राहणारा मुलगा चालतो, गावात घर आणि कलमं असलेला, हातात हुन्नर असलेला चालत नाही. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या आयांना मी हे तोंडावर सांगते. एक-दोघी नंतर ब्लाउज दुसरीकडे टाकायला लागल्या. टाकोत.

तुलनेसाठी दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडं. टॉवरवरून हवेतून येणारं घरगुती इंटरनेट आता मिळतं, छपरावर एक डबा लावून देतात. माझ्या बहिणीने एका मोठ्या कंपनीचं घेतलंय. बसवायला एका दिवसात आले, तार नाही, वांदर नाही, बिल फोनवर. चाललं तर छानच चालतं. बिघडलं की हेल्पलाइनवर एक मुलगी गोड हिंदीत पिनकोड विचारते आणि मग सात आकडी तक्रार क्रमांक देते. बहीण तो क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवते. माझ्या घरी कॅलेंडरवर वायरमनचा नंबर आहे. शहरालगत राहत असाल, टॉवर डोळ्यांना दिसत असेल, तर तिचं घ्या. आत वाडीत असाल तर केबलवाला.

घरात आल्यावरची अडचण वेगळी. आमची घरं चिऱ्याची. भिंती जाड, पावसाळ्यात ओल धरलेल्या. डबा ते लोक पडवीत लावतात, कारण तार तिथवरच आणायची असते. पडवीतून माजघरात यायला एक भिंत, स्वयंपाकघरात दुसरी. ह्या डब्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात, एक 5 गिगाहर्ट्झची, फोनवर दिसणाऱ्या नावाच्या शेवटी पाच असलेली, वेगवान, पण चिऱ्याला भ्याते. दुसरी, अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासची, सावकाश, पण भिंत पार करते. फोन आपोआप पहिली पकडतो आणि स्वयंपाकघरात गेलं की व्हिडिओ गोल फिरत बसतो. उपाय वायरमननेच केला. पडवीतून माजघरात साधी निळी केबल ओढली आणि तिथे दुसरा राउटर ठेवला, अकराशेला. नवीन घर बांधणाऱ्यांनी वीजजोडणीच्या वेळीच भिंतीतून एक नळी सोडून ठेवा, नंतर चिरा फोडायला गवंडी मिळत नाही.

विजेचं पण सांगून टाकते. पूर्वीच्या केबलच्या तांब्याच्या तारेतून वळवाच्या विजेने आमच्या वाडीत टीव्ही जळलेत. काचेतून वीज येत नाही, पण त्या तारेला आधाराची पोलादी तार जोडलेली असते, ती घरात घेऊ देऊ नका, बाहेरच तोडायला सांगा. आणि मे महिन्यात, तसंच दसऱ्याच्या सुमाराला, गडगडायला लागलं की डब्याचा ॲडॅप्टर काढून ठेवा.

टीव्ही आम्ही गेल्या दसऱ्याला घेतला, 43 इंची. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून पितृपक्ष सरेपर्यंत ह्यांनी दुकानात पाऊल ठेवलं नाही. टीव्ही ठीक आहे. आवाज पातळ, चित्र छान. रिमोटवर बोलून शोधायची सोय आहे, ती आमच्या घरात फक्त सुनेला वश आहे. सासूबाईंनी रिमोट तोंडाजवळ धरून "संकासुराचा नाटक लाव रे" म्हटलं, तर टीव्हीने घावण्यांची रेसिपी लावली. त्या म्हणाल्या, "ह्येका भूक लागली वाटता."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. माझ्या सासूबाई 86 वर्षांच्या आहेत. ह्या गावात लग्न होऊन आल्या त्याला साठाच्या वर वर्षं झाली. दरवर्षी देवळात जत्रा झाली, दरवर्षी दशावतार झाला, पण पहाटेपर्यंतचं नाटक त्यांनी वायफाय येईपर्यंत कधीच बघितलं नव्हतं.

दशावतार ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण आमच्याकडच्या सुना आता पुण्या-नाशकाच्याही आहेत, म्हणून थोडं सांगते. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात तशा मंडळ्या आपला पेटारा घेऊन रोज एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. प्रयोग मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहतो. आधी आडदशावतार. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो आणि मग काळा संकासुर, लाल जीभ बाहेर काढलेला, मालवणीत सगळ्यांची उतरवणारा. वेद चोरलेल्या ह्या संकासुराला विष्णू मारतो आणि मग खरं आख्यान सुरू होतं. बायकांची कामं पुरुषच करतात. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. पेटी, पखवाज, झांज. लिहिलेले संवाद नाहीत, आख्यान ठरतं आणि बोलणं तिथल्या तिथे. उजाडता उजाडता दहीहंडी फुटते.

सासूबाई बघायच्या ते संकासुरापर्यंत. मग मांडीवरची पोरं झोपायची, घरी जत्रेला आलेले पाहुणे, पहाटे धार काढायची, भाकऱ्या थापायच्या. उठून यायच्या. हंडी फुटल्याचा गलका त्यांनी चुलीपुढे बसून ऐकलाय. मी त्यांना एकदा विचारलं, एखाद्या वर्षी राहायचं होतं की. म्हणाल्या, "रातभर जागान नाटक बघूक आमका कोण सोडीत होता गो?" रागाने नव्हे. हवामान सांगावं तसं.

आता यूट्यूबवर कार्तिकापासून जवळजवळ रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावातला दशावतार लाईव्ह असतो. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, चेंदवणकर, ही मंडळ्यांची नावं त्यांनी जन्मभर पुरुषांच्या तोंडून ऐकली. आता त्या खाटेवर उशीला टेकून बसतात आणि पहिला प्रश्न, "आज खयची कंपनी?" त्यांच्या आवडीनिवडी ठरल्यात. कुणाचा संकासुर त्यांना चालतो, कुणाचा चालत नाही. एका राजाबद्दल म्हणाल्या, "आवाज चढवल्यान म्हणजे राग दाखवल्यान असा नाय." ट्रिकसीन, म्हणजे धूर, उडणारी राक्षसं, बत्त्या, हे त्यांना मान्य नाही. तेवढ्यात डोळा लावून घेतात आणि बरोबर रडायच्या जागेला उठतात.

मला ह्यात एक गंमत सापडली. लिहिलेलं नाटक नसल्यामुळे पूर्वी रात्रीचं बोलणं पहाटे विरून जायचं. एखादा नट कमाल बोलून गेला तर ते त्या गावापुरतंच राहायचं. आता ते साठवलं जातं. तेच आख्यान एका मंडळीने मंगळवारी एका गावात केलं आणि शुक्रवारी दुसऱ्या गावात, तर सासूबाई दोन्ही बघून सांगतात की मंगळवारचा नारद बरा होता, शुक्रवारी त्याने तेच विनोद परत काढले. नटांवर हा नवा भार आलाय. गावोगाव तोच विनोद खपवायची सोय गेली, कारण पुढच्या गावाने तो आधीच फोनवर बघितलेला असतो. चांगले नट त्यामुळे जास्त शोधून बोलायला लागलेत असं मला वाटतं. मधलेअधले कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागलेत.

आणि कॅमेरा म्हणजे तरी काय, तिकाटण्यावर एक फोन. बाकडं दिसतं, पखवाजवाल्याचा अर्धाच हात दिसतो. पखवाज जोरात आला की आवाज फाटतो. बाजूने बोटांनी टाइप केलेली माणसं सरकत राहतात, "डोंबिवलीसून नमस्कार", "दुबयसून बघतंय". विष्णू आणि संकासुर समोरासमोर आले की नेमकी सिमेंटची जाहिरात. जाहिराती नको असतील तर महिन्याचे वेगळे पैसे भरा म्हणतात. नाही भरत. जाहिरातीत सासूबाई पाणी पिऊन घेतात.

ह्यांचं म्हणणं वेगळं. हे अजून जत्रेला जातात, मफलर गुंडाळून, येताना खाजं आणतात. मला म्हणतात, "जत्रेत बसान बघूचा ता घरात कसला बघतंस?" देवळातली थंडी, बत्त्यांचा वास, ओळखीपाळखी, सगळं खरं. पण मी सांगितलं, तुम्हाला जत्रा होती, आम्हाला जत्रेच्या पाहुण्यांचा स्वयंपाक होता. तुमची मजा गेली म्हणता ती आमच्याकडे होती कधी? त्यावर काही बोलले नाहीत. आणि डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, लागली की हेच रात्री दोनपर्यंत टीव्हीपुढून हलत नाहीत. दोन बुवा समोरासमोर, एकाने गजरात टोमणा मारायचा, दुसऱ्याने तो पुढच्या बारीत व्याजासकट परत करायचा. हे एकटेच टाळ्या वाजवतात आणि मला मशीन थांबवायला सांगतात. जत्रेतली मजा तेव्हा आठवत नाही.

सगळे मिळून टीव्ही बघायचे ते दिवस किती छान, असंही आमच्याकडे लोक फार बोलतात. मी त्या दिवसांत होते. वाडीत एकच टीव्ही, अँटेना फिरवायला एक पोरगा कौलांवर. घरचे खुर्च्यांवर, आम्ही पडवीत जमिनीवर, आणि खालच्या वाडीतली माणसं खळ्यात उभी, खिडकीतून दिसेल तेवढं बघत. त्यांना कोणी बाहेर राहा म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती, सगळ्यांना आपापली जागा माहीत होती. चतुर्थीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचे, तेव्हाही पैसे सगळ्यांचे आणि बसायच्या जागा त्याच. एकत्र बघण्यात मजा होती, मी नाही म्हणत नाही. कोण कुठे बसून एकत्र, तेवढं पण त्या आठवणींत घाला. आज खळ्यात उभ्या राहणाऱ्यांच्या नातवाकडे माझ्यापेक्षा मोठा टीव्ही आहे आणि वायरमन दोन्ही घरांना त्याच शिडीने चढतो.

सुनेचं सांगायचं राहिलं. ती पुण्यात नोकरीला. पूर्वी चतुर्थीला दोन दिवस यायची, रजा संपली की पळायची. आता गणपतीच्या आधी येते आणि तीन आठवडे राहते. माजघरात टेबल लावून काम करते. पहिल्या वर्षी शेजारणी येऊन माझ्याकडे सहानुभूतीने बघून गेल्या. "सून कॉम्प्युटरासमोर बसान रवता आणि सासू भाकऱ्या थापता." मी म्हटलं, ती नऊ तास बसते, तुमचा लेक किती बसतो? ह्यांच्यातला बदल मात्र बघण्यासारखा. ज्या माणसाने मी शिवत असताना कधी आवाज कमी केला नाही, तो आता खळ्यातूनच पाहुण्यांना दटावतो, "हळू बोला, तिचा ऑफिस चालू आसा." मशीनवर मी बसते तेही ऑफिसच की, पण ते जाऊ दे. ज्यांना अशा मीटिंगा असतात त्यांनी जोडणी घेताना वर चढणारा वेग किती ते विचारा. आमच्या फायबरवर तो खाली येणाऱ्या इतकाच मिळतो, बहिणीकडे हवेतल्या डब्यावर खूप कमी.

2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आमच्याकडची पोरं नेटवर्कसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाऊन बसायची. कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, ते सगळ्या पेपरांत आलं होतं. मग 16 मे 2021 ला तौक्ते वादळाने खांब आडवे केले. केबलवाल्याने जुनी तांब्याची तार परत न ओढता फायबर टाकलं ते त्यानंतर. मोबाईलने मुलं बिघडली वगैरे चर्चेत मी पडत नाही. व्हिडिओने बिघडली होती, केबलने बिघडली होती, बिघडून बिघडून आता आजोबा झालेत. संध्याकाळी वाडीतली चार पोरं आमच्या गडग्यावर बसून आमचं वायफाय वापरतात. पासवर्ड मीच दिलाय. अट एकच, वायरमन आला की शिडी धरायची.

तक्रारी. पहिली, तार चार दिवस तुटलेली असली तरी महिना संपला की बरोबर रात्री बाराला सेवा बंद. बंद होते ती मशीनमधून आपोआप, त्यामुळे दया नाही. भांडलं की दिवस वाढवून देतात, पण तोंडी, आणि पुढच्या महिन्यात विसरतात. मी आता माझ्या मापाच्या वहीत मागच्या पानावर तारखा लिहिते. दुसरी, मागितल्याशिवाय पावती नाही. जीएसटी घेता तर पावती द्या. तिसरी जास्त महत्त्वाची. लाईट गेली तरी नेट चालावं म्हणून मी राउटरला लावायचा छोटा बॅटरीचा डबा घेतला, साडेबाराशेचा. माझ्याकडे तो चालतो. पण तिठ्यावरच्या खोलीत केबलवाल्याची बॅटरी दोन तासांत बसते, मग माझा डबा हिरवा आणि नेट बंद. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दोन तासांत येते असं कोणी ठरवलं? तीनशे-चारशे गिऱ्हाइकं झाली म्हणून त्याची बायको सांगते, तर त्याने जनरेटर घ्यायला हवा. हे मी तिला ब्लाउज देताना सांगितलंय, त्याच्यापर्यंत पोचलं असेल.

टीव्हीचे चॅनेलही ह्यांनी त्याच्याकडूनच चालू ठेवलेत, बातम्यांसाठी. ते बिल वेगळं. मला ते बंद करायचे आहेत, पण घरात तेवढं एक भांडण शिल्लक असू दे.

गुण द्यायचे तर पाचापैकी वेगाला तीन, ऑफिसला दोन, वायरमनला पाच. उद्या तो मुंबईला गेला तर मी हे सगळं खोडून नव्याने लिहीन.

घेणार असाल तर चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात मागू नका. त्या दिवसांत प्रत्येक बंद घर उघडतं, चाकरमान्यांचे फोन सुरू होतात, आणि मशीन एकच. मेमध्येही नको. दिवाळीनंतर, जत्रा सुरू व्हायच्या आत सांगा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सूट देतो म्हणाला तरी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्याचेच भरा. तार ओढायला येतील त्या दिवशी घरातलं कोणीतरी खळ्यात उभं राहा आणि ती फणसावरून नेऊ देऊ नका. माडावरून चालेल. फणसावर वांदर बसतात.